दहावीनंतरचा उन्हाळा

(सावित्रीबाई फुले जयंतीनिमित्त घाटकोपर येथे महिला मंडळे, बचत गट आणि किशोरी गटांच्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आज ३ जानेवारी. सकाळपासून तुम्ही आपापल्या वस्तीत सावित्रीबाईंच्या फोटोला हार घातलेत, नऊवारी नेसलेल्या चिमुकल्या सावित्रींना स्टेजवर चढवलंत-उतरवलंत, आणि मग लोकल पकडून इथं आलात. आणखी एक भाषण ऐकायची ताकद कितीशी उरली असेल याची मला कल्पना आहे. तेव्हा सावित्रीबाईंच्या कार्यावर मी बोलत नाही, ते तुम्ही माझ्याहून चांगलं बोलता. त्यांच्या शाळेतल्या एका मुलीची फक्त आठवण करून देते. मुक्ता साळवे. मांग समाजातली ही मुलगी जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकली आणि तिचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी तो गटात वाचला आहे. त्या निबंधाचा विषय शाळा नाही. आपल्या लोकांना काय सोसावं लागतं, हा आहे. शाळेनं तिला लिहायला शिकवलं आणि तिनं शाळेबाहेरचं जग लिहिलं.

हे आठवायचं कारण असं की आता दीड महिन्यानं आपल्या सगळ्या शाळांत दहावीचे निरोप समारंभ सुरू होतील. तुम्हाला पाहुण्या म्हणून बोलावतील. आईची साडी, मावशीचा ब्लाउज आणि डझनभर पिना लावून मुली येतील. समोसा-वेफर्सची डिश असेल. मग सूत्रसंचालक म्हणेल, 'आता विद्यार्थी आपलं मनोगत व्यक्त करतील.' आणि मनोगतात काय असतं? शाळा हे आमचं दुसरं घर. आम्ही मातीचे गोळे होतो, सरांनी आकार दिला. जड अंतःकरणानं निरोप घेते. मीसुद्धा २००५ साली मुलुंडच्या एका मराठी शाळेत हेच वाचलं होतं. बाईंनी लाल पेनानं सुधारून दिलेलं. रडलेही होते, खोटं नाही सांगत. पण आठवी ते दहावी या तीन वर्षांत माझं जे काय झालं होतं, त्यातलं एक अक्षर त्या कागदावर नव्हतं.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या फेब्रुवारीत, आमच्या किशोरी गटातल्या एका मुलीची मनोगतासाठी निवड झाली. असल्फ्याच्या डोंगरावर राहते. काही वर्षांपूर्वी ती घरं रंगवली, लोक मेट्रोतून फोटो काढतात बघा, त्यातलंच एक घर. तिनं गटात येऊन मनोगत वाचून दाखवलं. दुसरं घर, मातीचे गोळे, सगळं होतं. मी विचारलं, 'हे खरं आहे का गं?' तर हसून म्हणाली, 'ताई, हे शाळेत वाचायचंय!' मग आम्ही तिला म्हटलं, शाळेत वाचता येणार नाही असं एक लिही, ते इथं वाच. आठवड्यानं चार पानं घेऊन आली. तिचं म्हणणं असं की बैठकीत सांगा, नाव सांगू नका, मासिकात छापलं तरी नको. म्हणून नाव नाही, पण त्या चार पानांत काय होतं ते सांगते. आजचा माझा विषय त्यातूनच आला आहे.

पहिलंच तिनं लिहिलं होतं पाण्याबद्दल. घरी पाणी पहाटे येतं, ते भरायचं तिच्याकडे. मग धाकट्या भावाचं आवरायचं, आईचा आणि त्याचा डबा करायचा. आई सातला कामाला जाते. म्हणून दुपारच्या सत्राची शाळा निवडली. शिक्षक कसे, निकाल काय, हे कुणी पाहिलंच नव्हतं. सातवीपर्यंत ती महापालिकेच्या शाळेत होती, तिथं दप्तर, बूट, वह्या असं २७ शालेय वस्तूंत बरंचसं भागायचं. आठवीला खाजगी अनुदानित शाळेत गेली आणि वर्षाच्या सुरुवातीचा खर्च आईच्या अंगावर आला. 'मुलींना शिक्षण मोफत आहे ना?' असं आपण पटकन म्हणतो. फी माफ असते. छत्री माफ नसते.

सहावीबद्दल तिनं दोनच ओळी लिहिल्या होत्या. सहावी तिनं मोबाइलमध्ये पाहिली, तीसुद्धा भावाचा तास संपल्यावर. २०२० च्या मार्चमध्ये कोरोनानं शाळा बंद झाल्या तेव्हा ही पाचवीत होती. त्यामुळे आठवीत आली तेव्हा अपूर्णांक येत नव्हते आणि येत नाहीत हे सांगायची लाज वाटत होती.

मग रस्ता. घरापासून शाळेला जायला दोन वाटा. पायऱ्यांची वाट जवळची, पण खाली नाक्यावर मुलं बसतात. दुसरी वाट मोठ्या रस्त्यानं, वीसेक मिनिटं जास्त. तीन वर्षांत पायऱ्यांची वाट तिनं एकदाही वापरली नाही, आणि म्हणून तिला रोज उशीर झाला. पालकसभेत बाईंनी आईला सांगितलं, मुलगी उशिरा येते, लक्ष ठेवा. आईनं घरी येऊन दोन दिल्या. ही गप्प राहिली. कारण सांगितलं तर शाळाच बंद होईल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. इथं बसलेल्या किती जणींना हे नवीन आहे? बोरिवलीच्या नॅशनल पार्कमधल्या पाड्यांवरून आलेल्या ताई आत्ता मान हलवताहेत. तिथं शाळेच्या वाटेवर बिबट्याची भीती असते, आणि मुली सांगतात की बिबट्या रोज भेटत नाही, मुलं रोज भेटतात.

शाळेत पाणी न पिण्याबद्दलही होतं, कारण संडासाची कडी तुटलेली. एकदा पाळी आली, स्कर्टला डाग पडला, तर मैत्रिणीनं स्वेटर कमरेला बांधला आणि एका बाईंनी स्वतःच्या पर्समधून पॅड काढून दिलं. त्या बाईंबद्दल तिनं जे लिहिलं होतं ते निरोप समारंभातल्या सगळ्या मातीच्या गोळ्यांहून मोलाचं होतं. त्या बाईंना ते कधी कळणार नाही याचं मला वाईट वाटतं.

पण तुम्ही म्हणाल, ताई नुसतं रडगाणं सांगतेय. तसं नाही. चार पानांतलं पूर्ण एक पान कबड्डीवर होतं! नववीत पी.टी.च्या सरांनी मुलींचा संघ केला. ही चढाईला जायची. तिला सगळ्यात काय आवडायचं, तर चढाई करताना मोठ्यानं आवाज काढावा लागतो. घरात आवाज चढवला की शेजारी ऐकतात, वडील रात्रपाळी करून झोपलेले असतात. इथं आवाज बंद झाला तर पंच चढाईच बाद ठरवतो. गुडघे फुटले, कोपरं फुटली, पण विभागात एक सामना जिंकल्या आणि सहा जणी ट्रेनमध्ये ओरडत आल्या. दहावीत संघ बंद झाला. अभ्यासाचं वर्ष म्हणून.

आणि शेवटी तिनं असं लिहिलं होतं: शेवटचा पेपर झाला की सगळ्या मुली एकमेकींच्या युनिफॉर्मवर पेनानं नावं लिहितील. मला त्या दिवसाची भीती वाटते. दुसऱ्या दिवसापासून घराबाहेर पडायला मी कारण काय सांगू?

मैत्रिणींनो, मी एम.एस.डब्ल्यू. केलं, पंधरा वर्षं वस्त्यांत काम करतेय. मुलींच्या गळतीवर किती शिबिरं घेतली असतील. पण हा प्रश्न मला सोळा वर्षांच्या मुलीनं दाखवला. आपण शाळेकडे शिक्षण म्हणून पाहतो. या मुलीला ती आणखी एका कारणासाठी हवी होती. दिवसाचे पाच-सहा तास घराबाहेर, मैत्रिणींबरोबर, कुणालाही न विचारता राहायची ती एकमेव मान्य जागा होती. मार्चमध्ये ती जागा बंद होते. आणि पुढची कधी उघडते?

२०२५ चंच वेळापत्रक पाहा. दहावीचा शेवटचा पेपर मार्चच्या मध्याला संपला. निकाल १३ मेला लागला. अकरावीचे वर्ग सुरू व्हायला ऑगस्ट उजाडला. पाच महिने! या पाच महिन्यांत मुलगी कुणाचीच नसते. शाळेच्या पटावरून उतरली, कॉलेजच्या पटावर चढली नाही. मुख्याध्यापक म्हणतात आमची जबाबदारी संपली, कॉलेजला ती माहीतच नाही. आणि याच पाच महिन्यांत काय येतं? अक्षय तृतीया. २०२५ ला ती ३० एप्रिलला होती. निकालाच्या तेरा दिवस आधी. लग्नसराई, गावची जत्रा, आजीला बघायला जायचं निमित्त. मुलगी गावी जाते. काही परत येतात. काही परत येतात पण मंगळसूत्र घालून.

निकालाच्या दिवशी वर्तमानपत्रं दरवर्षी एकच मथळा देतात, 'यंदाही मुलींची बाजी'. २०२५ ला राज्यात ९६.१४ टक्के मुली पास झाल्या, मुलगे ९२.३१ टक्के. आनंदच आहे. पण त्या मथळ्याची मला हल्ली चीड येते. बाजी मारलेल्या मुली ऑगस्टमध्ये कुठं असतात, हे कुणी छापत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ च्या पाहणीत, महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. पाचातली एक. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ चा आहे. मुंबईत बसून आपल्याला वाटतं हे तिकडे मराठवाड्यातलं. पण आपल्या वस्तीतली मुलगी लग्नापुरती तिकडचीच होते.

आई-बाप असं का करतात, हे आपण जरा त्यांच्या बाजूनंही समजून घेऊ. मुलुंड-भांडुपला एल.बी.एस. रोडवरचे कारखाने बंद पडत गेले, तिथं टॉवर आणि मॉल आले. ज्या घरात कंपनीचा पगार यायचा तिथं आता सिक्युरिटीची नोकरी किंवा भाड्याची रिक्षा. आई दिवसभर बाहेर. खोली दहा बाय दहाची. सोळा वर्षांची मुलगी दिवसभर एकटी घरात, हा विचारच त्यांना झोपू देत नाही. ते शिक्षणाच्या विरोधात नसतात. ते म्हणतात, 'काही झालं तर?'

या 'काही झालं तर'चा इतिहास जुना आहे. इथल्या मोठ्या ताईंनी तो पाहिला आहे. मथुरेच्या प्रकरणावरून १९८० साली मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला, आपल्या चळवळीची सुरुवातच आपण तिथून सांगतो. ती मथुरा घटनेच्या वेळी चौदा ते सोळा वर्षांची होती. शाळेच्या वयाची, दुसऱ्याच्या घरी कामाला जाणारी. आपण तिच्यासाठी कायदा बदलायला लावला, ते थोरच काम. पण ती शाळेत का नव्हती, हा प्रश्न आपल्या पत्रकांत क्वचितच आला. आणि १९९० चा मार्च. उल्हासनगरला दहावीची परीक्षा देत असलेल्या रिंकू पाटीलला परीक्षा केंद्रातच जाळून मारलं. मी तेव्हा पाळण्यात होते. पण मागच्या वर्षी भांडुपच्या बैठकीत एक काकी सांगत होत्या. त्या तेव्हा नववीत होत्या, वर्गात हुशार. रिंकूची बातमी आली आणि वडिलांनी दुसऱ्या दिवशी दप्तर माळ्यावर टाकलं. 'माझं कुणी काही केलं नव्हतं,' काकी म्हणाल्या, 'तरी शिक्षा मलाच.' पुढच्या वर्षी लग्न. त्यांची नात आता सहावीत आहे.

आता जे सांगणार आहे ते सांगायला मला जड जातंय, पण याच बैठकीत सांगायला हवं. आमच्या भागात एक बचत गट आहे, चांगला चाललेला, वेळेवर परतफेड. २०२३ च्या एप्रिलमध्ये एका ताईनं वीस हजारांचं कर्ज मागितलं, कारण लिहिलं 'गावच्या घराची दुरुस्ती'. सगळ्यांनी सह्या केल्या. मी त्या बैठकीला होते. त्या ताईंची मुलगी आमच्या किशोरी गटात यायची, नुकतीच दहावीची परीक्षा दिलेली. मी तिला विचारलंसुद्धा, सुट्टीत काय करणार? 'गावी जाणार,' म्हणाली. मी म्हटलं, मजा कर.

निकाल लागला. तिला ७८ टक्के होते. पेढे घेऊन आम्ही दोघी घरी गेलो तर कुलूप. श्रावणात ती आली, नवऱ्याबरोबर. आमच्या ऑफिसात नाही, शाळेत, दाखला न्यायला. आधार कार्डावरचं नाव बदलायचं होतं. मला पाहून हसली. हातात हिरवा चुडा होता. मी बोलायला गेले तर म्हणाली, 'ताई, उशीर होतोय.' आम्ही नंतर बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे गेलो, तिकडच्या जिल्ह्यात पत्र पाठवलं, सगळं केलं. मुलीनं आई-बापाविरुद्ध एक शब्द बोलायला नकार दिला, आणि ते मला समजू शकतं. गटाचं कर्ज मात्र दहा महिन्यांत फिटलं. एकही हप्ता चुकला नाही. आमच्या वार्षिक अहवालात तो गट 'आदर्श' म्हणून छापला गेला.

मी कुणाला दोष देण्यासाठी सांगत नाही. सही माझ्यासमोर झाली. त्या ताईंना मी नंतर विचारलं, तर त्या म्हणाल्या, 'अकरावीला विनाअनुदानित तुकडीत नंबर लागला असता तर फी कुणी दिली असती? लग्नाला गटानं दिले. फीला दिले असते?' याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण त्या वेळी आमच्या गटाच्या नियमांत लग्न होतं, आजारपण होतं, घरदुरुस्ती होती. कॉलेजची फी नव्हती.

त्यानंतर आम्ही काय केलं ते थोडक्यात सांगते. गटाच्या कर्जाच्या कारणांत अकरावीचा प्रवेश घातला आणि त्याला व्याज कमी ठेवलं. मार्च ते मे मोठं कर्ज मागणाऱ्या घरात दहावी-बारावीची मुलगी असेल तर दोघी जणी घरी जाऊन बोलतात. यावर खूप भांडणं झाली. 'आमच्या घरात डोकावता का,' असं बायका म्हणाल्या, दोन जणींनी गट सोडला. मला अजूनही खात्री नाही की आमची पद्धत बरोबर आहे. पोलिसगिरी व्हायला वेळ लागत नाही. पण निदान कारण विचारलं जातं.

दुसरं, खोली. परीक्षा संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून आम्ही आमची अभ्यासिका अकरा ते पाच उघडी ठेवतो. तिथं काय शिकवतो? खरं सांगू, फारसं काही नाही. थोडं कॉम्प्युटर, थोडं इंग्रजी, आणि ज्यांचे विषय राहिलेत त्यांची पुरवणी परीक्षेची तयारी. ज्या मुली अंधेरीच्या एम.आय.डी.सी.त पॅकिंगला जातात त्यांच्यासाठी संध्याकाळी एक तास, १७ नंबरचा फॉर्म आणि रात्रशाळेची माहिती. बाकी मुली बसतात, गप्पा मारतात, कॅरम खेळतात. एका देणगीदारांनी विचारलं, याची फलनिष्पत्ती काय? घराबाहेर पडायला कारण मिळालं, हीच. अहवालात मात्र आम्ही 'कौशल्य विकास वर्ग' लिहितो.

तिसरी गोष्ट फार बारीक आहे, पण तिच्यावर वर्षं जातात. मोबाइल नंबर. मुंबईत अकरावीचे प्रवेश २००९ पासून ऑनलाइन आहेत. फॉर्म भरताना जो नंबर द्याल त्यावर ओ.टी.पी. येतो, प्रवेशाचे मेसेज येतात. आमच्या मुलींनी भावाचा नंबर दिलेला असतो, नाहीतर सायबर कॅफेवाल्याचा. भाऊ कामावर. मेसेज आला ते कळलंच नाही, फेरी गेली. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं आणि मुदतीत प्रवेश घेतला नाही तर नियमित फेऱ्यांतून मुलगी बाहेर पडते, हेही घरात कुणाला माहीत नसतं. २०२४ ला एक मुलगी अशी बाहेर पडली आणि घरच्यांनी 'नशिबात नव्हतं' म्हणून विषय संपवला. तेव्हापासून नंबर आईचा, किंवा गटातल्या कार्यकर्तीचा. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला एप्रिलमध्येच काढायचा. पसंतीक्रम भरताना मुलीबरोबर बसून नकाशा बघायचा, कुठल्या कॉलेजातून किती वाजता सुटून ती किती वाजता घरी पोचेल. कारण घरचे गुणांची यादी बघत नाहीत, घड्याळ बघतात.

ती असल्फ्याची मुलगी आता अकरावी कॉमर्सला आहे. सकाळचं कॉलेज, म्हणून पाणी भरायचं काम वडिलांकडे गेलं. त्यावरून घरात महिनाभर रोज तंटा झाला. अजूनही होतो, असं ती सांगते. आजच्या बैठकीला ये म्हटलं तर आली नाही, घाटकोपरलाच कबड्डीचे सामने आहेत.

मला वेळ संपल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा आटोपतं घेते. मागच्या टेबलावर मी कोरे तक्ते ठेवलेत. आपापल्या वस्तीत येत्या मार्चमध्ये दहावीला बसणाऱ्या मुलींची नावं त्यात लिहायची आहेत. नाव, शाळा, आईचा फोन, आणि उन्हाळ्यात गावी जाणार असेल तर गावाचं नाव आणि तिथल्या कुणा ओळखीच्या बाईचा फोन. शेवटचा रकाना मुद्दाम मोठा ठेवलाय. मुलुंड आणि बोरिवलीच्या ताईंनी आधी भरा, तुमची गाडी लांबची आहे.